विहिरीच्या दगडापासून मंगळापर्यंत: खडकाळ ग्रहांचा अभ्यास गावातूनच कसा करावा

आमच्या औसा तालुक्यात कुठं नवी विहीर पडली की मी पोरांना घेऊन बांधावरचा दगडांचा ढीग बघायला जातो. बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे सूर्याजवळचे चार खडकाळ ग्रह शिकवायची माझी सुरुवात तिथून होते, भिंतीवरचा तक्ता नंतर येतो. सूर्याभोवतीच्या या चार गोळ्यांवर लाव्हा थिजून झालेला दगड जागोजागी पसरलेला आहे, आणि त्यातला एक मोठा पसारा नेमका आपल्या पायाखाली आहे. मराठवाड्यातला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा थर आला. वेरूळचं कैलास लेणं त्याच थरांत वरून खाली कोरलेलं आहे. दुसऱ्या ग्रहाचा दगड बघायला यान लागतं. त्याचा सख्खा भाऊ मात्र आपल्या शिवारात पडलेला असतो.

पुढचं सगळं मी वर्गात आणि गावात करून बघितलेलं आहे. किराणा दुकानातला वजनकाटा, एक लोहचुंबक, सुतळी, परात, वही, आणि जमलं तर १० बाय ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण एवढ्यावर भागतं. मोठ्या टेलिस्कोपची घाई करू नका. गावात कुणाकडं साधी दुर्बीण असली तरी वर्षभराचं काम निघतं.

आधी दगड हातात घ्या

एक गोष्ट पक्की: विहिरीत उतरायचं नाही, कठड्यावरून वाकायचंही नाही. जे लागतं ते ढिगाऱ्यातच असतं.

ढिगाऱ्यातून तीन प्रकारचे नमुने निवडा. पहिला, भरीव काळा गोटा, ज्यात छिद्रं नाहीत. दुसरा, छिद्राछिद्रांचा दगड. आमच्याकडचे जुने विहीर खोदणारे तसल्या ठिसूळ थराला मांजऱ्या म्हणतात, आणि तो लागला की "गुर्जी, आता पाणी लागंल" असं सांगतात. ती छिद्रं म्हणजे लाव्हा थिजताना आत अडकलेले वायूचे बुडबुडे. पुष्कळ छिद्रांत नंतर पाण्याबरोबर आलेली खनिजं बसली, म्हणून त्यात पांढऱ्या, कधी हिरवट गारगोट्या चमकतात. तिसरा नमुना गेरूचा, म्हणजे दोन काळ्या थरांच्या मधे सापडणाऱ्या लाल, मऊ पट्ट्याचा. लाव्ह्याचा एक थर थिजल्यावर पुढचा थर येईपर्यंत त्याचा माथा हवापाण्यानं झिजला, त्यातलं लोखंड गंजलं आणि तो लाल झाला.

हा गेरू जपून ठेवा. मंगळ लाल का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. मंगळाच्या धुळीतही लोखंडाची ऑक्साइडं आहेत आणि मूळ दगड बेसाल्टच आहे. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी गाडीनं तिथली माती उचलून क्ष-किरणांनी तपासली, तेव्हा ती हवाई बेटांवरच्या झिजलेल्या बेसाल्टच्या मातीसारखी निघाली.

आता चुंबक. सुतळीला बांधून तो ओढ्यातल्या कोरड्या वाळूतून फिरवा, काळे कण चिकटून येतील. बेसाल्टमधलं लोखंडाचं चुंबकीय खनिज ते हेच. पोरांना हे दोन मिनिटांत दाखवता येतं आणि पुढचा प्रयोग त्याला धरूनच येतो.

दगडावरून ग्रहाचं पोट ओळखा

माझ्या मते या सगळ्या अभ्यासातला हा सगळ्यात मोलाचा प्रयोग आहे. एखादा तास बुडाला तरी चालेल, पण हा करा.

भरीव गोटा साधारण एक किलोचा घ्या आणि नीट वजन करा. पातेलं काठोकाठ पाण्यानं भरून परातीत ठेवा. गोट्याला सुतळी बांधून तो हळूहळू पाण्यात पूर्ण बुडवा. परातीत सांडलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात काढून त्याचं वजन करा. गोट्याच्या वजनाला त्या पाण्याच्या वजनानं भागलं की घनता मिळते, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड आहे ते कळतं. गोटा १००० ग्रॅमचा आणि पाणी ३४० ग्रॅम सांडलं, तर उत्तर २.९४. आमच्या वर्गात उत्तरं २.७ ते ३ च्या दरम्यान येतात. मांजऱ्याचं उत्तर कमी येतं, कारण त्यात पोकळ्या असतात. तेही मोजा आणि का कमी आलं ते पोरांनाच सांगू द्या.

मग फळ्यावर चार आकडे लिहा: पृथ्वीची सरासरी घनता ५.५१, बुध ५.४३, शुक्र ५.२४, मंगळ ३.९३. आपल्या विहिरीचा दगड तीनच्या आत आणि अख्खी पृथ्वी साडेपाच! म्हणजे खोल पोटात दगडाहून बरंच जड काहीतरी असलंच पाहिजे. ते लोखंड आहे, ज्याची घनता ७.८७ आहे. सातवीतली पोरगी वजनकाटा आणि परात वापरून पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत पोचते, हे मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी मला तितकाच आनंद होतो.

इथं एक पायरी आणखी आहे, तिच्यावर थोडा वेळ द्या. पृथ्वी मोठी असल्यानं स्वतःच्या वजनानं आतून दाबली गेली आहे, म्हणून तिची घनता वाढलेली दिसते. तो दाब काढून हिशोब केला तर पृथ्वी ४ च्या आसपास येते आणि बुध मात्र ५.३ वर राहतो. बुध छोटा आहे, व्यास फक्त ४,८७९ किलोमीटर. तरीही त्याच्या त्रिज्येचा चार पंचमांशाहून जास्त भाग लोखंडी गाभ्यानं व्यापलाय. जणू जाड कोय आणि वर गराचा पातळ थर असलेला रायवळ आंबा. असं का झालं असावं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. सुरुवातीच्या काळात मोठी टक्कर होऊन वरचं दगडी कवच उडालं, हे एक मत आहे.

किल्लारीनं शिकवलेलं

आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट कुणी विसरलेलं नाही. अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरत होती. त्या दुःखाबद्दल इथं मी जास्त लिहिणार नाही. पण घरातली मोठी माणसं जेव्हा पोरांना भूकंपाबद्दल सांगतात, तेव्हा एक गोष्ट जोडून सांगावी: पृथ्वीच्या पोटाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं भूकंपाच्या लाटांनीच सांगितलंय. एका जातीच्या लाटा द्रवातून जात नाहीत. त्या जिथं अडतात तिथं द्रव आहे, असं ताडून बाह्य गाभा वितळलेला असल्याचं कळलं. त्याच्याही आत वेगळा गाभा आहे हे १९३६ मध्ये इंगे लेहमन या डॅनिश बाईंनी लाटांच्या नोंदींवरून दाखवलं.

हीच युक्ती मंगळावर नेली. इनसाइट यान २६ नोव्हेंबर २०१८ ला तिथं उतरलं आणि त्यानं जमिनीवर भूकंपमापक ठेवला. चार वर्षांत त्यानं १,३०० हून जास्त हादरे नोंदवले. सगळ्यात मोठा ४ मे २०२२ चा, ४.७ तीव्रतेचा. त्या लाटांवरूनच मंगळाच्या वितळलेल्या गाभ्याचा आकार काढता आला. डिसेंबर २०२२ मध्ये सौर पाट्यांवर धूळ साचून यान बंद पडलं. पाट्यांवरची धूळ पुसायला तिथं कुणी नव्हतं.

बांधावर मांडलेली सूर्यमाला

अंतरांचा अंदाज पुस्तकातल्या चित्रावरून कधीच येत नाही, कारण चित्रात ग्रह एकमेकांना खेटून असतात. म्हणून धान्य घ्या. पृथ्वी म्हणजे एक सेंटिमीटरचा टपोरा हरभरा. शुक्र म्हणजे त्याहून किंचित लहान हरभरा. बुध म्हणजे ज्वारीचा दाणा, साधारण चार मिलिमीटर. मंगळ म्हणजे तुरीचा दाणा, पाच मिलिमीटरच्या आसपास. या मापानं सूर्याचा व्यास १०९ सेंटिमीटर येतो, तेवढं वर्तुळ खडूनं भिंतीवर काढा.

मग भिंतीपासून टेप धरून चाला. ४५ मीटरवर ज्वारी, ८५ मीटरवर पहिला हरभरा, ११७ मीटरवर दुसरा हरभरा, १७९ मीटरवर तूर. प्रत्येक ठिकाणी एक पोरगं दाणा हातावर घेऊन उभं राहील. तुरीजवळ गेल्यावर मागं वळून भिंतीवरचा सूर्य बघायला सांगा. भिंतीपासून हरभऱ्यापर्यंतचं ११७ मीटर अंतर कापायला प्रकाशाला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात दुसरं पोरगं पावलापुढं पाऊल लावत अगदी सावकाश जाऊ दे, मग प्रकाशाचा "वेग" या मापात किती मंद वाटतो ते पायांना कळेल.

आता आभाळ: शुक्र, बुध, मंगळ

शुक्र शोधावा लागत नाही. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला किंवा उगवण्याआधी पूर्वेला जी टपोरी चांदणी दिसते ती शुक्राची. सूर्यापासून तो ४७ अंशांपेक्षा लांब जात नाही, त्यामुळं मध्यरात्री डोक्यावर दिसणारा ठिपका शुक्र नसतो. अंश मोजायला हात पुरे: हात ताठ धरून मूठ वळली की ती साधारण १० अंश झाकते.

शुक्राला कला असतात, चंद्रासारख्या. गॅलिलिओनं त्या १६१० मध्ये पाहिल्या आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो याचा पुरावा मिळाला. तो पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा मोठा पण बारीक कोरीसारखा होतो, आणि ती कोर १० बाय ५० च्या दुर्बिणीतही दिसते. मात्र दुर्बीण हातात धरू नका, बाजेच्या खुरावर किंवा भिंतीवर टेकवा. वहीत दर आठवड्याला एक चित्र काढा. आणखी एक गंमत: आज शुक्र जिथं दिसतो, जवळपास तिथंच तो आठ वर्षांनी त्याच तारखेच्या आसपास परत दिसतो. आठवीतल्या पोरानं काढलेलं चित्र त्याच्या धाकट्या भावाला ताडून बघता येतं.

एवढं सुंदर दिसणाऱ्या या ग्रहावर उभं राहणं अशक्य आहे. जमिनीवर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस, हवेचा दाब आपल्या ९२ पट, वर गंधकाम्लाचे ढग. दाब समजावून द्यायला विहीर कामाला येते. दहा मीटर पाण्याखाली गेलं की एका वातावरणाएवढा दाब वाढतो. शुक्रावरचा दाब म्हणजे ९०० मीटर पाण्याखाली असण्यासारखा, आणि आपली सहा परसांची विहीर काठापर्यंत भरली तरी तिचा तळ अकरा मीटरांवर. सूर्यापासून बुधाच्या जवळपास दुप्पट लांब असूनही शुक्र बुधापेक्षा जास्त तापलेला आहे, कारण त्याच्या हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

तरीही माणसानं तिथं यंत्रं उतरवली. सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा ७ नं १५ डिसेंबर १९७० ला शुक्राच्या जमिनीवरून संदेश पाठवला. दुसऱ्या ग्रहाच्या पृष्ठभागावरून आलेला तो पहिला संदेश. व्हेनेरा १३ हे १ मार्च १९८२ ला उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं. त्यानं काढलेल्या फोटोत चपट्या फरशांसारखे दगड दिसतात आणि त्याच्या तपासणीतही बेसाल्टच निघाला. मॅगेलन यानानं १९९० ते १९९४ मध्ये रडारनं ढगांखालचा जवळजवळ सगळा ग्रह मोजला. त्याच जुन्या चित्रांत २०२३ मध्ये संशोधकांना एका ज्वालामुखीचं मुख काही महिन्यांत बदललेलं आढळलं, म्हणजे शुक्र अजून धगधगतो आहे. आपल्या इस्रोच्या शुक्र मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, प्रक्षेपणाचं लक्ष्य मार्च २०२८ आहे.

शुक्राच्या नकाशावर बहुतेक नावं बायकांची आहेत. तिथल्या एका विवराला डॉ. आनंदीबाई जोशी यांचं नाव आहे, एकाला पंडिता रमाबाईंचं, आणि एका उंच पठाराला लक्ष्मीचं. वर्गातल्या मुलींना हे जरूर सांगा.

बुध दिसायला अवघड, पण आपल्याला तो युरोपातल्या लोकांपेक्षा सोपा आहे. मराठवाडा विषुववृत्ताच्या जवळ असल्यानं सूर्य आणि ग्रह क्षितिजाकडं बरेच उभे उतरतात, त्यामुळं बुध काळोख पडेपर्यंत वर टिकतो. फेब्रुवारी–मार्चमधल्या संध्याकाळी आणि ऑक्टोबर–नोव्हेंबरमधल्या पहाटा सगळ्यात चांगल्या. बुध सूर्यापासून जास्तीत जास्त लांब असेल तो आठवडा आधी स्टेलॅरियमसारख्या मोफत ॲपमध्ये बघून ठेवा. पश्चिम क्षितिज मोकळं असेल अशी जागा निवडा, तळ्याचा बंधारा किंवा माळ उत्तम. सूर्य मावळल्यावर ४० मिनिटांनी क्षितिजाच्या वर एक मूठभर अंतरावर गुलाबीसर ठिपका दिसेल. मी एकदा मे महिन्यात पोरांना माळावर नेलं होतं. धुळीनं पश्चिम अशी भरली होती की सूर्यच क्षितिजाच्या आधी विरून गेला. त्यानंतर मी हुरड्याच्या दिवसांपासून होळीपर्यंतच जातो. दुर्बीण सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय डोळ्याला लावायची नाही. यात सवलत नाही, डोळा कायमचा जातो. रात्री शिवारात जाताना बॅटरी आणि पायात बूट हवेतच.

बुधाबद्दल पोरांना सगळ्यात नवल वाटतं ते त्याच्या दिवसाचं. सूर्याभोवतीची फेरी ८८ दिवसांची, पण तिथं एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत आपले १७६ दिवस जातात. म्हणजे एका दिवसात दोन वर्षं! दुपारी ४३० अंश, रात्री उणे १८०. तरी ध्रुवांजवळच्या काही विवरांत ऊन कधीच पोचत नाही आणि तिथं पाण्याचा बर्फ आहे. हे मेसेंजर यानानं पक्कं केलं. ते २०११ पासून बुधाभोवती फिरलं आणि इंधन संपल्यावर ३० एप्रिल २०१५ ला त्यावर आदळलं. त्याआधी मरिनर १० फक्त तीन वेळा जवळून गेलं होतं, १९७४–७५ मध्ये. बुधाच्या विवरांना कवी-कलावंतांची नावं देतात: कालिदास, व्यास, वाल्मीकी, तानसेन सगळे तिथं आहेत.

मंगळासाठी धीर लागतो. दर २६ महिन्यांनी पृथ्वी त्याच्या आणि सूर्याच्या मधे येते तेव्हा तो जवळ आणि तेजस्वी असतो. १९ फेब्रुवारी २०२७ ला तशी वेळ आहे, नेमकी शिवजयंतीच्या दिवशी. सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवेल, सिंह राशीत, मघा नक्षत्राच्या तेजस्वी ताऱ्याजवळ. तेव्हा तो सुमारे १० कोटी किलोमीटरवर असेल. जानेवारीच्या सुरुवातीपासून एप्रिलपर्यंत दर आठवड्याला मघाच्या ताऱ्याशी त्याची जागा वहीत टिंबानं मांडा. तो काही आठवडे उलटा, पश्चिमेकडं सरकताना दिसेल. पृथ्वी आतल्या वाटेनं त्याला मागं टाकते, म्हणून तसं दिसतं. पुढच्या गाडीला ओलांडताना ती क्षणभर मागं गेल्यासारखी वाटते, तसंच. २००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता, हजारो वर्षांतला सर्वांत जवळ. तेव्हापासून दर पावसाळ्यात "मंगळ चंद्राएवढा दिसणार, दोन चंद्र दिसणार" असा निरोप मोबाईलवर फिरतो. तो पुढं पाठवू नका. मंगळ डोळ्यांना कायम ठिपकाच दिसतो.

आणि पत्रिकेतल्या मंगळाबद्दल. माझ्या विद्यार्थिनींची लग्नं "मंगळ आहे" म्हणून अडलेली मी पाहिली आहेत. तो गोळा ६,७७९ किलोमीटर व्यासाचा, थंड, विरळ हवेचा, बेसाल्टचा आहे. पोरीच्या संसाराशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे पालकसभेत मी स्पष्ट बोलतो.

मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स ज्वालामुखी सुमारे २२ किलोमीटर उंच आहे. तिथलं कवच सरकत नाही, त्यामुळं लाव्हा एकाच जागी साचत गेला. आपल्याकडं भेगांतून पसरला, म्हणून पठार झालं. दगड तोच, वागणूक वेगळी. तिथल्या गाड्यांनी काढलेले फोटो इंटरनेटवर मोफत बघता येतात. जेझेरो विवरात २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीचे फोटो उघडा आणि तुमचा मांजऱ्या शेजारी धरा. छिद्रं ओळखीची वाटतील. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून निघून २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचलं, पहिल्याच प्रयत्नात.

एक सहल लोणारची

लोणार बुलढाण्यात, पण जालन्याच्या मंठ्याकडून जवळ. १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर उल्केच्या आघातानं बेसाल्टमध्ये झालेलं आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं ते पक्कं केलं. काठावरून चालताना थर बघा: आपल्याकडं सपाट असलेले लाव्ह्याचे थर तिथं काठाशी बाहेरच्या बाजूला झुकलेले दिसतील, आघातानं उचलले गेल्यासारखे. बुध आणि मंगळावरच्या हजारो विवरांचं रूप तिथं पायी फिरून समजतं. ते अभयारण्य आहे, दगड उचलून आणू नका. मंगळाच्या उत्तर भागातल्या सुमारे ११ किलोमीटरच्या एका विवराला लोणार हेच नाव दिलंय. तो नकाशा मोबाईलवर काठावर उभं राहून दाखवा.

आत्तापासून वहीत लिहून ठेवायची तारीख

शनिवार, १३ नोव्हेंबर २०३२. त्या दिवशी बुध सूर्यबिंबावरून जाईल. दुपारी बाराच्या थोडं पुढं सुरू होऊन साडेचारनंतर संपेल, म्हणजे आपल्याकडून सगळं दिसेल. बुध इतका लहान की ग्रहणाच्या चष्म्यानं दिसणार नाही. छोटा टेलिस्कोप स्टँडवर सूर्याकडं रोखा, पण त्यातून कुणीही बघायचं नाही, शोधक दुर्बिणीवर (टेलिस्कोपला वरून जोडलेल्या छोट्या दुर्बिणीवर) झाकण ठेवायचं आणि एक मोठं माणूस सतत शेजारी उभं राहील. मागं पांढरा पुठ्ठा धरून सूर्याचं बिंब २० सेंटिमीटरचं होईपर्यंत पुढंमागं करा. त्यावर बुध एक मिलिमीटरचा काळा, गोल ठिपका दिसेल, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. सूर्यावरच्या डागांपासून त्याला वेगळं ओळखायचं तर दर पंधरा मिनिटांनी पेन्सिलीनं टिंब द्या. डाग जागेवर राहतील, बुध सरळ रेषेत पुढं गेलेला असेल.